प्रकाशोपचार घेताना डोळ्यांना जपा



कोड आणि सोरायसिस हे विकार संसर्गजन्य नाहीत. त्यांवर जंबुपार, म्हणजेच अतिनील किरणांचा उपचार केला जातो. या किरणांनी मोतीबिंदू होईल या धास्तीने काही रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडतात, तर काही जण डोळ्यांची मुळीच निगा राखीत नाहीत. दोन्ही गोष्टी अहितकारक होत.

कोडावर बावचीचे बी वापरून ऊन घेण्याची पद्धत आयुर्वेदात जुनी आहे. त्या बियांतील गुणकारी द्रव्य सोरॅलेन वर्गातील आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील त्वचारोगतज्ज्ञांनी याच वर्गातील औषधाची गोळी आणि ‘अ’ गटातील अतिनील किरणांचे दिवे यांची सांगड घालून सोरायसिसवर केलेला उपचार प्रसिद्ध केला. त्यास ‘पुवा’ म्हणतात. आपल्या देशात दिव्यांऐवजी सूर्यप्रकाशाचाही उपयोग केला जातो.

गोळीतील द्रव्य रक्तावाटे जसे त्वचेत जाते, तसेच डोळ्यांतील भिंगातही पोहोचते. किरणांना अडविले तर ते सुमारे एका दिवसात तेथून निघून जाते. मात्र त्या अवधीत किरण पडल्यास ते भिंगातील प्रथिनांना कायमचे चिकटून राहू शकते. म्हणजे धोका केवळ दिव्याखालील काही मिनिटांचा नसून, गोळी घेताच त्याचा प्रारंभ होतो.

म्हणून गोळी घेतल्यापासून चोवीस तास, उजेड असेपर्यंत, अतिनील किरण रोखणारा व बाजूंनी झाकलेला चष्मा वापरावा. साध्या काचेतून ‘अ’ किरण आत येतात. यास्तव खिडकीजवळ व बसमध्येही तो काढू नये. नुसती काळी काच पुरेशी नाही. तिच्यामागे बाहुली विस्फारते आणि किरण अडले नाहीत, तर ते अधिकच आत शिरतात. उपचारापूर्वी व त्यानंतर दरवर्षी नेत्रतपासणी करून घ्यावी. ‘ब’ गटातील ३११ नॅनोमीटरच्या किरणांच्या उपचारात ही गोळी नसते. तथापि दिव्यांसमोर डोळे झाकणे तेथेही आवश्यक आहे, अन्यथा डोळ्याचा पुढील पारदर्शक पडदा भाजतो.

ही दक्षता व्यर्थ जात नाही. अमेरिकेत १९७५-७६ मध्ये पुवा उपचार घेतलेल्या १,३८० रुग्णांची पाहणी पुढे अनेक वर्षे चालली. डोळ्यांचे संरक्षण करण्याचा सल्ला मिळालेल्या या रुग्णांत, उपचाराची मात्रा वाढली म्हणून मोतीबिंदूचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही, असा पंचवीस वर्षांचा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या कामी समाजाचे साह्य हवे. वर्गात असा चष्मा घालून बसलेल्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी तो काढावयास लावू नये. उपचार घेणाऱ्या मजुरास त्या दिवशी सावलीतील काम मिळेल, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. कार्यालयातील सहकाऱ्याची कोणी थट्टा करू नये. संकोचापोटी चष्मा खिशात गेला, तर त्वचा सुधारता सुधारता दृष्टी गमावण्याची वेळ येऊ शकेल. ती येऊ न देणे आपणा सर्वांच्या हाती आहे.