शिक्षकाचा आहार व मनाचे स्वास्थ्य
(सिन्नर तालुक्यातील शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



शाळेत शिजलेले अन्न मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने त्याची चव घेऊन पाहावी, असा नियम आहे. मुलांच्या पोटाची इतकी काळजी वाहणारा शिक्षक स्वतःच्या जेवणाकडे मात्र क्वचितच लक्ष देतो. सिन्नरहून दूरच्या गावी जाणाऱ्या शिक्षकाची सकाळ पाहावी. घरी उपाशीपोटी एक चहा, एस. टी. स्थानकावर दुसरा, फार तर त्याबरोबर दोन बिस्किटे. डबा उघडावयास दुपारचे दोन वाजतात. साडेअकराच्या तासाला एखादा मुलगा पाढा चुकतो आणि गुरुजींचा आवाज एकाएकी चढतो. मुलगा मान खाली घालतो. चूक पाढ्याची असते. राग पुष्कळदा रिकाम्या पोटाचा असतो.

पोट आणि मन यांचा हा संबंध शास्त्रानेही पाहिला आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. त्यांचे वजन तर घटलेच. पण ते चिडखोर, उदास व एकलकोंडेही झाले. ऑस्ट्रेलियात नैराश्याने पीडित अशा ६७ प्रौढांवर झालेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटास १२ आठवडे भाज्या, फळे, कडधान्ये व अख्खी धान्ये यांच्या आहाराचे मार्गदर्शन मिळाले. या गटातील सुमारे एक तृतीयांश व्यक्ती नैराश्यातून बाहेर आल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण बारांत एक एवढेच होते. प्रयोग लहान होता, तरी त्याची दिशा ध्यानात घेण्याजोगी आहे.

आपल्याकडील एक उणीव विशेष लक्षात ठेवावी. पुणे परिसरातील ग्रामीण व शहरी मध्यमवयीन पुरुषांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश जणांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. त्याच्या अभावाने थकवा, विसराळूपणा व खिन्नता येऊ शकते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून मिळते, भाजीपाल्यातून नव्हे. शाकाहारी व्यक्तीने म्हणून दूध-दही टाळू नये, आणि शंका आल्यास रक्ततपासणी करून घ्यावी.

यासाठी महागड्या पदार्थांची गरज नाही. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, मेथी, शेवग्याचा पाला, शेंगदाणे हे सारे आपल्याच मातीतले आहे. घरून निघण्यापूर्वी अर्धी भाकरी खावी, डबा ठरल्या वेळी उघडावा. जेवणाला लागून चहा घेऊ नये. त्यामुळे अन्नातील लोह अंगी कमी लागते. उलट पानात लिंबाची फोड असावी. घरात सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवणाऱ्या स्त्रीचे पान प्रथम भरावे. तिची चिडचिड हा स्वभावदोष नसून कित्येकदा रक्तक्षय असतो.

मात्र आहार म्हणजे सर्व रोगांवरील औषध नव्हे. एखादा सहकारी आठवडेच्या आठवडे खिन्न असेल, त्याची झोप उडाली असेल, तर त्याला ‘नीट जेवत जा’ एवढे सांगून थांबू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ सालापासून चालू असलेल्या ‘टेली मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक शिक्षकांच्या खोलीत लावून ठेवावा.

मुलांच्या अन्नाची चव रोज पाहिली जातेच. तेवढ्याच निष्ठेने शिक्षकाने स्वतःचा डबाही पाहावा. त्याचे पहिले फळ वर्गातील त्या मान खाली घातलेल्या मुलास मिळेल.