कोर्स संपला, पण फाइल कोरीच

आज जरा लाजिरवाणी गोष्ट सांगतो.

मी घरी बसून पायथॉनचा ऑनलाइन कोर्स केला. सगळे व्हिडिओ पाहिले, तेही दीडपट स्पीडने. समोरचा टाइप करेल तेच मी टाइप करायचो. सर्टिफिकेट आलं, आईने ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. मग पुण्यात इंटरव्ह्यू. लॅपटॉप पुढे करून म्हणाले, या यादीतली सगळ्यात मोठी संख्या शोध, तयार फंक्शन न वापरता. चार-पाच ओळींचं काम हो! वीस मिनिटं फाइल कोरी.

परतीच्या एसटीत लक्षात आलं, लूप मला 'समजला' होता, पण स्वतःहून एकदाही लिहिला नव्हता.

मग सराव शोधायला लागलो. सगळे म्हणतात म्हणून थेट लीटकोड उघडलं आणि दोन दिवसांत बंद केलं. ते वाईट नाही, माझ्यासाठी फार लवकर होतं. खरी गाडी सुरू झाली कोडिंगबॅटवर. स्टॅनफर्डच्या निक पार्लांटे सरांनी बनवलेली साधी साइट, जावा आणि पायथॉनसाठी. काही इन्स्टॉल करायचं नाही, अकाउंटही लागत नाही. पहिलाच प्रश्न असा: आज कामाचा दिवस आहे का, सुट्टी आहे का, यावरून उशिरापर्यंत झोपायचं की नाही ते ठरवा. कोड चालवला की कुठली टेस्ट पास, कुठली फेल, ते तिथेच दिसतं. मोबाइलवरही जमतं, फक्त कंस टाइप करताना वैताग येतो.

नंतर प्रोजेक्ट ऑयलर. त्यातला पहिला प्रश्न ऐका: १००० पेक्षा लहान, ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज करा. मी ३ च्या पाढ्याची बेरीज केली, ५ च्या पाढ्याची केली, दोन्ही मिळवल्या. आलं २,६६,३३३. चूक! का? १५, ३०, ४५ दोन्हीकडे मोजले गेले. बरोबर उत्तर २,३३,१६८. उत्तर आत्ता ऐकलंत, तरी कोड स्वतः लिहून बघा. ही चूक मला कुठल्याच व्हिडिओने दाखवली नसती, कारण व्हिडिओतला माणूस चुकतच नाही ना!

पण ऑयलर फक्त उत्तर तपासतं, कोड कसाही असो. कोडवर कुणीतरी बोलावं असं वाटलं तर एक्सरसिझम बघा. फुकट आहे, प्रत्येक प्रश्नासोबत टेस्ट असतात आणि स्वयंसेवक मेंटॉर तुमचा कोड वाचून सुचवतात. मी अकरा ओळी लिहिल्या होत्या, मेंटॉरने विचारलं, हे व्हेरिएबल नेमकं कशाला? मला सांगताच आलं नाही. काढून टाकलं, तरी टेस्ट पास!

आता व्हिडिओ वीस मिनिटं, मग टॅब बंद, मग तेच आठवून लिहायचं. रोज होत नाही, खरं सांगतो.

येत्या बुधवारी पुन्हा इंटरव्ह्यू आहे. काय झालं ते पुढच्या भागात सांगतोच.