मांजराचा दमा आणि डासाचा दंश



अशा व्याख्यानमालेत संतवाङ्मय यावे, अर्थकारण यावे. तेथे मांजराचा खोकला कोठून आला, असे आपणांपैकी काहींच्या मनात येईल. पण मांजर आपल्याच चुलीजवळ निजते आणि त्याला चावणारा डास आपल्यालाही चावतो. एवढे नाते आम्हांला पुरेसे वाटते.

ज्या जंताविषयी बोलावयाचे त्याला हृदयकृमी म्हणतात. शास्त्रीय नाव डायरोफायलेरिया इमिटिस. त्याचे खरे घर कुत्रा. आपल्याकडे आसाम-मिझोरामच्या बाजूस कुत्र्यांत तो आढळल्याच्या नोंदी आहेत. रॉसने 1897 साली सिकंदराबादेत हिवतापाचे बीज डासात पाहिले. त्यानंतर तीनच वर्षांनी ग्रासी व नोए या इटालियन शास्त्रज्ञांनी हा जंतही डासाच्याच दंशाने पसरतो हे दाखविले. बाधित कुत्र्याचे रक्त पिताना जंताची सूक्ष्म पिले डासाच्या पोटात जातात, उबदार हवेत दोनएक आठवड्यांत वाढतात आणि पुढच्या दंशाबरोबर दुसऱ्या जनावराच्या अंगात शिरतात.

कुत्र्यात हा जंत वीतभराहून लांब होतो, पाचसात वर्षे जगतो. मांजराचे शरीर मात्र या पाहुण्याला सहजासहजी थारा देत नाही. तीनचार महिन्यांनी कोवळे जंत फुप्फुसाच्या रोहिण्यांत पोहोचतात आणि बहुतेक तेथेच मरतात. श्रोते म्हणतील, उत्तम झाले! पण दुखणे तेथेच सुरू होते. मेलेल्या जंतांवर मांजराचे रक्त असे काही तुटून पडते की रोहिण्या, श्वासनलिका, वायुकोश सारे सुजते. मांजर धापा टाकते, खोकते, तोंड उघडून श्वास घेते. कधी खाण्याशी संबंध नसताना ओकते. म्हणजे नाव हृदयाचे आणि दुखणे फुप्फुसाचे. घरची मंडळी म्हणतात, 'दमा झालाय.'

एखाददुसरा जंत मोठा झालाच, तर तो मांजराच्या प्रतिकाराला जणू गुंगी देऊन दोन ते चार वर्षे राहतो. मांजर बरे दिसते. तो मेला की त्याचे तुकडे रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकतात, आणि काल खेळणारे जनावर आज तडकाफडकी जाते. कुत्र्यात मोठे जंत मारण्याचे जे औषध देतात ते मांजराला सोसत नाही. निदानही अवघड: रक्तात पिले सहसा दिसत नाहीत, आणि नेहमीची तपासणी वाढलेल्या मादीचीच खूण शोधते, एकटा नर किंवा कोवळे जंत असले तर ती चकते. तेव्हा पशुवैद्य सूज उतरविणारी औषधे देऊन मांजराला सांभाळतात. कृपा करून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. मांजराला ती विष आहे.

आता माणसाकडे वळू. हत्तीरोगाचा जंत याच कुळातला, आणि विदर्भाला हत्तीरोग अनोळखी नाही. काही माणसांचे शरीर त्याच्या पिलांवर असेच तुटून पडते. पिले रक्तात सापडत नाहीत, फुप्फुसात अडकून मरतात. रात्री खोकल्याची उबळ येते, छाती सूं-सूं वाजते, रक्तातल्या इओसिनोफिल पेशी बेसुमार वाढतात. 1943 साली वाइनगार्टन यांनी या विकाराला 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' हे नाव दिले. हत्तीरोगावरचेच डायएथिलकार्बामाझीन डॉक्टरांच्या सल्ल्याने तीनएक आठवडे घेतले की बहुतेकांना उतार पडतो. पण दमा समजून वर्षे काढली तर फुप्फुस कायमचे ताठरते. रात्रीचा खोकला हटत नसेल तर रक्ताची ती साधी तपासणी करून घ्यावी, एवढा आमचा आग्रह आहे.

मांजरासाठी प्रतिबंधाची औषधे आहेत. महिन्यातून एकदा, पशुवैद्याने वजन पाहून ठरवावयाची. त्यांतल्या आयव्हरमेक्टिनच्या मुळाशी जपानच्या मातीतला एक सूक्ष्मजीव आहे, आणि त्या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्बेल यांना 2015 साली नोबेल मिळाले. गाईम्हशींसाठी आणलेली बाटली मात्र अंदाजाने मांजराला पाजू नये.

राहिला डास. पूस नदीचे डबके आपल्या एकट्याच्या हातचे नाही, पण रांजण आणि गच्चीवरची उघडी टाकी आपल्याच हातची. उन्हाळा सरला की आपण कूलर बंद करतो आणि खालचे पाणी तसेच राहते. पहिल्या पावसाआधी ते उपसून टाकी कोरडी पुसून ठेवावी.