नव्या घरात जुनी ट्रंक
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही एका मजल्यावरच्या सहाजणी. भाषणाची सवय आमच्यापैकी एकीलाही नाही. एकीने लिहिले, दुसरी वाचते आहे. मत मात्र सहाजणींचे आहे.

वरळीच्या बी.डी.डी. चाळीत आमच्या घरच्यांच्या तीन पिढ्या १६० चौरस फुटांत राहिल्या. तेव्हा घर सजविणे म्हणजे चौदा एप्रिलच्या आधी चुन्यात नीळ घालून भिंती रंगविणे आणि पितळी भांडी चिंचेने घासून फळीवर मांडणे. भांड्यांत आपला चेहरा दिसला की सजावट झाली! १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांत आम्हीही होतो. चावी हातात पडली आणि लगेच फर्निचरवाल्यांची छापील पत्रके दारात येऊ लागली. छताला पीओपी, टीव्हीमागे लाकडी भिंत, मॉड्युलर किचन. पैसे नसतील तर कर्जही तेच मिळवून देणार.

आमच्यातल्या एकीने दोन लाखांचे कर्ज जवळजवळ घेतलेच होते. व्याज बारा टक्के, मुदत तीन वर्षे. ऐकायला काही वावगे नाही. पण तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने कागद वाचला. व्याज 'फ्लॅट' होते, म्हणजे हप्ते फेडत गेलो तरी व्याज पूर्ण दोन लाखांवरच. तीन वर्षांत ७२ हजार. तेच बारा टक्के उरलेल्या रकमेवर लावले असते तर व्याज सुमारे ३९ हजार झाले असते. तेहतीस हजारांचा फरक एका शब्दात लपलेला! भगिनींनो, सही करण्यापूर्वी एवढा एक प्रश्न अवश्य विचारा.

दुसरी एकजण घाईने फसली. तिने भुशाच्या दाबलेल्या फळीचे कपाट न्हाणीघराच्या भिंतीला टेकवून ठोकून घेतले. भिंतीला ओल आली आणि कपाटाचा तळ पावासारखा फुगला. म्हणून आमचे सांगणे असे, की नव्या घरात एक पावसाळा नुसते राहा. ओल कुठून येते, ऊन कुठे पडते, मुले अभ्यासाला कोणता कोपरा धरतात, हे घर स्वतःच दाखवते. मग खिळा मारा. पाण्याजवळच्या कामाला साधे प्लायवूड चालत नाही, त्याला ओल सोसणारेच लागते. ते महाग पडते, पण आमच्या मते तिथे हात आखडू नये.

बाकी आमची घरे कशी सजली ते सांगतो. सासूबाईंची लोखंडी ट्रंक एकीने भंगारात काढली होती, ती आम्ही जिन्यातून परत आणली. घासून रंग दिला, वर गोधडीची घडी घातली. आता पाहुणे तिच्यावरच बसतात, आणि आत हिवाळ्याची पांघरुणे राहतात. चाळीतली सागवानी फळी रंधून घेतली, तिची पुस्तकांची मांडणी झाली. राजगृह बाबासाहेबांनी पुस्तकांना जागा हवी म्हणून बांधले. आपल्या घरात पहिली फळी पुस्तकांची असावी, असे आम्ही सहाजणींनी ठरविले. तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी त्याच भिंतीवर. ती भिंत मोकळी ठेवली, दुसरे काही लावले नाही. खोली त्यानेच मोठी वाटते.

पडदे जुन्या नऊवारी लुगड्यांचे केले. एका लुगड्यात एका खिडकीचे दोन्ही पडदे होऊन वर उशांचे अभ्रेही निघतात. काठ खाली येईल असे कापावे. आमच्या यजमानांना हे आधी कमीपणाचे वाटले. एकजण तर म्हणाले, "टॉवरमध्ये लुगडे लटकवणार?" आता तेच पाहुण्यांना, "हे आईचे लुगडे," असे आपणहून दाखवतात.

टेबल-खुर्ची मात्र विकत घ्यावीच लागली. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात लाकडी टेबल मिळते. घेताना ड्रॉवर उघडून टॉर्चने पाहा. बारीक भोके आणि पिठासारखा भुसा दिसला तर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.

आमच्यातल्या दोघींकडे शिलाई मशीन आहे. ज्यांना पडदे शिवायचे असतील त्यांनी रविवारी दुपारी खिडकीचे माप घेऊन यावे. कापड नवे असेल तर आधी एकदा भिजवून वाळवून आणावे, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा आखडतो.