वाड्यावरचा पाटील आणि बागेतला माळी

भाकऱ्या उरकल्या असतील. भांडी राहिली असतील तर घासता घासता ऐका, रेडिओचं तेच तर बरं असतं.

आज निळू फुले यांच्याविषयी बोलायचं आहे. का, ते सांगते. हल्ली वरातीत, जत्रेत, एसटी स्टँडवर पोरं एक आवाज काढतात. घोगरा, खालच्या पट्टीतला, शेवटचा शब्द लांबवलेला. समोरून जाणाऱ्या मुलीला 'बाई' म्हणून हाक मारायची, तिला वाड्यावर बोलवायचं आणि मग सगळ्यांनी मिळून हसायचं. मुलगी रागावली की म्हणायचं, "अगं, निळू फुल्यांची नक्कल केली, एवढं काय मनावर घेतेस?" आमच्या गटातल्या एका बाईंची लेक बारावीला आहे. तिनं परवा बैठकीत सरळ विचारलं, "ते निळू फुले एवढे वाईट होते का हो?"

तर आधी माणूस कोण होता ते बघू.

निळकंठ कृष्णाजी फुले, पुण्याचे. घरची परिस्थिती बेताची. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी म्हणून कामाला लागले. पगार महिन्याला 80 रुपये, आणि त्यातले 10 रुपये ते राष्ट्र सेवा दलाला द्यायचे असं सांगतात. आपण गटात महिन्याची बचत टाकतो, त्यामुळं 80 तले 10 म्हणजे काय ते आपल्याला कुणी समजवायला नको. स्वतःची रोपवाटिका काढायची त्यांची इच्छा होती, पण भांडवल जमलं नाही. ज्या माणसाला आपण पडद्यावर शेकडो एकरांचा मालक म्हणून बघितलं, त्याला खऱ्या आयुष्यात रोपं लावायला जमिनीचा तुकडा घेता आला नाही.

सेवा दलाचं एक कलापथक होतं. गावोगाव जायचं, गाण्यांतून, वगातून लोकांशी बोलायचं, जातिभेदावर, पुढाऱ्यांच्या ढोंगावर लोकांना हसवता हसवता विचार करायला लावायचं. निळूभाऊ तिथं घडले. राम नगरकर, दादा कोंडके हेही त्याच मुशीतले. निळूभाऊंनी स्वतः 'येरागबाळ्याचे काम नोहे' हा वग लिहिला, पु. ल. देशपांड्यांच्या 'पुढारी पाहिजे'मध्ये काम केलं. मग आलं 'कथा अकलेच्या कांद्याची'. त्या लोकनाट्यानं त्यांचं नाव महाराष्ट्रभर झालं. म्हणजे आपल्याला ज्यांची भीती वाटायची, ते आधी लोकांना पोट धरून हसवणारे होते. हसवणाऱ्याला माणसाची नस कळलेली असते, पुढं खलनायक उभा करताना तीच कामी आली असणार.

1968 साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'त ते पडद्यावर आले आणि पुढची चाळीस वर्षं राहिले. सरपंच, पाटील, सावकार, कारखान्याचा चेअरमन, आमदार. नावं बदलत गेली, माणूस एकच. आता आठवून बघा, निळूभाऊ पडद्यावर ओरडतात का? फार क्वचित. दुसरे खलनायक डोळे वटारतात, हाणामारी करतात. हे आपले धोतराचा सोगा सावरत, हळू आवाजात, पार आपुलकीनं बोलतात. बाईची विचारपूस करतात. नवऱ्याचं कर्ज किती, पोरगं कुठल्या शाळेत, सगळं यांना ठाऊक. आणि त्या विचारपुशीतच आपल्या पोटात गोळा येतो. गावातला जाच करणारा माणूस असाच तर असतो. तो दारात येऊन शिव्या देत नाही, "वहिनी, काही अडचण असली तर सांगा" म्हणतो. ज्या बाईवर कधी अशी वेळ आली, तिनं निळूभाऊंना बघताक्षणी ओळखलं. म्हणून बाया त्यांना बोटं मोडायच्या, समोर दिसले तर पदर सावरून बाजूला व्हायच्या. या शिव्याशापांना ते आपल्या कामाची पावती मानत. मलाही ते तसंच वाटतं.

'सामना' तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलाय? जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. निळूभाऊ त्यात हिंदूराव धोंडे पाटील, साखर कारखान्याचे सर्वेसर्वा. डॉ. श्रीराम लागू एक दारुडे मास्तर. हा मास्तर गावात येऊन पडतो, हिंदूराव त्याला वाड्यावर ठेवून घेतात, खाऊपिऊ घालतात. आणि मास्तर एकच विचारत राहतो की मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढं काय झालं. बस्स, तेवढंच. एका दारुड्याच्या एका प्रश्नानं सगळा वाडा हलायला लागतो. त्यातले निळूभाऊंचे डोळे बघा. आधी गंमत, मग चीड, मग भीती. जाचक माणूसही घाबरतो, हे मराठी पडद्यावर इतकं स्वच्छ दुसऱ्या कुणी क्वचितच दाखवलं असेल.

पण खरा दम त्यांनी रंगभूमीवर दाखवला असं माझं मत आहे. 1972 साली तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' आलं. कमलाकर सारंगांनी बसवलं, चंपा केली लालन सारंगांनी, सखाराम निळूभाऊंनी. हा सखाराम छापखान्यात बाइंडिंगचं काम करणारा. नवऱ्यानं टाकलेल्या बाया तो घरी आणून ठेवतो. दोन वेळचं जेवण, अंगावर कपडा, डोक्यावर छप्पर. बदल्यात घर सांभाळायचं, त्याचं सगळं बघायचं. पटलं तर राहा, नाहीतर चालती हो. सुरुवातीला त्याचा रोखठोकपणा बराही वाटतो, कारण लग्न करून जे नवरे सोडून देतात त्यांच्यापेक्षा हा निदान खरं बोलतो. पण नाटक पुढं सरकतं तसं कळत जातं की छप्पर ज्याचं, सत्ता त्याची. शेवटी तो चंपाचा जीव घेतो. सेन्सॉर मंडळानं नाटकावर हरकत घेतली, मोर्चे निघाले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि नाटक जिंकलं. शिव्या देणारा, दारू पिणारा हा सखाराम निळूभाऊंनी रंगभूमीवर नागडाउघडा उभा केला. त्याला गोंडस केला नाही, की राक्षसही केला नाही. टाकलेल्या बाईला घर कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न अजून सुटलेला नाही, हे आपल्या गटात प्रत्येकीला माहीत आहे.

आणि हाच माणूस जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' नाटकात अप्पाजी होतो. अप्पाजी म्हणजे म्हातारे गांधीवादी, स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेले, आणि त्यांचा मुलगा मुख्यमंत्री. पोराच्या राज्यातला भ्रष्टाचार बघून बाप त्याच्याच विरोधात उभा राहतो. 'सिंहासन'मध्ये तर ते सत्तेच्या बाहेर उभे असलेले पत्रकार दिगू टिपणीस आहेत, जो सगळी घाण बघतो आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. हिंदीत 'सारांश'मध्ये पुन्हा पुढारी. त्यांच्या मुलापासून एक मुलगी गरोदर राहिली आहे, आणि तिला आसरा देणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला हा गृहस्थ धमकावतो आहे. तिथंही आवाज चढवायची फारशी गरज पडत नाही.

एक मात्र खरं बोललं पाहिजे. त्यांचे कितीतरी चित्रपट एकाच साच्यातले होते. पाटील बाईवर डोळा ठेवणार, बाई रडणार, शेवटी नायक येऊन तिला सोडवणार. बाई स्वतः ग्रामसभेत उभी राहिली, तिनं तक्रार लिहिली, असं त्यात सहसा घडत नाही. आता महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, खुर्चीवर आपल्यातलीच कुणीतरी बसते. तिच्यामागं उभा राहून सह्या कुठं करायच्या ते सांगणारा माणूसही हळूच बोलतो, नाही का? त्याची भूमिका निळूभाऊंनी झकास केली असती!

पडद्याबाहेर ते डॉ. लागूंच्या आणि नरेंद्र दाभोलकरांच्या बरोबरीनं अंधश्रद्धेच्या विरोधात बोलत हिंडले. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, त्यातही ते होते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण राहणी साधीच. 13 जुलै 2009 रोजी पुण्यात कर्करोगानं ते गेले. शेवटच्या कामांपैकी एक 'गोष्ट छोटी डोंगराएवढी', शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा चित्रपट.

तर त्या बारावीतल्या पोरीला आम्ही बैठकीत हेच सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ते त्या पाटलाला उघडं पाडत होते, आणि ही पोरं तोच पाटील होतायत." आम्ही सगळ्या जणी गप्प. मग तिची आई म्हणाली, "हे उद्या स्टँडवर म्हण की, आम्ही येतो तुझ्याबरोबर."

त्या सहा जणी गेल्या स्टँडवर. पोरांपुढं काय बोलणं झालं ते ती मुलगीच पुढच्या मंगळवारी याच वेळेला रेडिओवर सांगणार आहे. तोवर कुणाच्या मोबाईलवर 'सामना' सापडला तर गटात मिळून बघा. नमस्कार.