डोंगरापलीकडचा वारसा : कान्हेरी
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



आजच्या मंगल दिनी दोन शब्द बोलावेत, असे आम्हांस सांगण्यात आले. विषयासाठी लांब जावे लागले नाही. उपवन तलावाच्या काठावरून येऊरचा जो डोंगर दिसतो, त्याच डोंगररांगेत, पलीकडच्या अंगाला कान्हेरीची लेणी आहेत. मध्ये जंगल आहे, म्हणून बोरिवलीकडून वळसा घालून जावे लागते एवढेच. आपल्यापैकी किती तरी जण अजिंठा-वेरूळ पाहून आले; घरामागची कान्हेरी मात्र राहून गेली!

शिलालेखांत या जागेचे नाव 'कण्हसेल' असे आहे. कण्हसेल म्हणजे काळा डोंगर. या काळ्या दगडात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेले काम जवळपास हजार वर्षे चालू राहिले. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात 34 खांबांचे चैत्यगृह आहे आणि त्याच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत. पाहताना मान वर करावी लागते.

परंतु मंडळी, आम्हांला बोलायचे आहे ते भिंतींवरच्या लेखांविषयी. एवढे मोठे काम केले कोणी? लेखांत राजांची नावे आहेत, नाही असे नाही. पण त्याहून जास्त नावे आहेत ती व्यापारी, कारागीर, गृहस्थ, भिक्षू आणि भिक्षुणी यांची. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. सोपाऱ्याच्या मणिकारानेही टाके दिले. टाक्याला त्या लेखांत 'पोढी' म्हणतात आणि गुहेला 'लेण'. आपण आज लेणे म्हणतो, तो शब्द तिथूनच आलेला आहे.

कोणी 'अक्षयनिवी' ठेवली. म्हणजे मूळ ठेव मोडायची नाही, तिच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या चीवराचा खर्च भागवायचा. कल्याणच्या एका उपासकाने अशा कामासाठी मंगलथान गावचे शेत लावून दिले. हे मंगलथान म्हणजे आजचे बोरिवलीजवळचे मागाठाणे.

आता आपल्या विहाराची भिंत पाहा. देणगीदारांची पाटी आहे ना? कोणी पंखा दिला, कोणी पाण्याची टाकी, कोणी फरशी. पगारातून, बोनसमधून, पोटाला चिमटा काढून दिले. तो सोनार, तो लोहार आणि आपण, यांत फरक तो काय? दोन हजार वर्षांचे अंतर सोडले, तर पाटी तीच आहे!

वारसा टिकतो कसा, याचा एक दाखला जपानचा आहे. तिथे इसे या गावी शिंतो धर्माचे पुरातन मंदिर आहे, तेही लाकडाचे. दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर ते जसेच्या तसे पुन्हा बांधतात. सातव्या शतकातली ही चाल; मध्ये काही काळ खंड पडला, तरी पुन्हा सुरू झाली. 2013 साली 62वी उभारणी झाली, पुढची 2033 साली व्हायची आहे. लाकूड कुजते, पण सुताराची विद्या बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे जाते. आपले उलटे झाले. दगड जागेवर राहिला, आणि त्यावरची अक्षरे वाचणारी माणसे राहिली नाहीत. ब्राह्मी लिपी शेकडो वर्षे कोणालाच वाचता येत नव्हती. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली, तेव्हा कुठे हे दाते पुन्हा बोलू लागले.

आणि आज? सहलीला येणारी काही मंडळी खिळ्याने भिंतीवर नाव कोरतात, बाटल्या टाक्यात टाकतात. अहो, त्या लोहारानेही नाव कोरले, पण आधी वाट करून दिली, मग नाव कोरले. न देता नाव कोरणाऱ्याला काय म्हणावे? 1958 च्या कायद्याने हा गुन्हा आहेच. पण पहारेकरी किती ठिकाणी पुरणार?

म्हणून वर्धापनदिनी आम्ही तीन गोष्टी मागतो. वर्षातून एकदा तरी विहारातर्फे मुलांना कान्हेरीला न्यावे. जाताना एक रिकामी गोणी न्यावी आणि ती कचऱ्याने भरून आणावी. आणि रविवारच्या वर्गात मुलांना ब्राह्मीची अक्षरे शिकवावीत. फार नाही, निदान आपले नाव लिहिता येईल आणि त्या सोनाराचे वाचता येईल इतकी!

डोंगर आपल्या दारात आहे. त्याचे वारसदार आपण आहोत की नुसते शेजारी, हे आपणच ठरवायचे आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.