देव नदीपार गेले तेव्हा

(शताब्दी महोत्सवाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दी समितीने मला जो विषय दिला, तो 'अस्थिर काळात श्रद्धा आणि समाज यांचा आधार' असा आहे. विषय मोठा आहे. मोठ्या विषयावर बोलणाऱ्याची एक सोय असते. गीतेपासून आरंभ करून त्याला हवे तेथे जाता येते आणि श्रोते सौजन्याने त्याच्यामागून येतात. ती सोय मी आज घेणार नाही. आपण गोमंतकात बसलो आहोत. आपल्या पूर्वजांनी हा विषय जगून पाहिलेला आहे, आणि त्यांनी तो कसा निभावला याच्या खुणा येथून तासाभराच्या अंतरावर उभ्या आहेत. तेव्हा त्या खुणांपाशीच मी आपल्याला नेणार आहे.

१५१० मध्ये अफोंसो द आल्बुकेर्कने तिसवाडी घेतली. तीस वर्षांनी, १५४० च्या सुमारास, तिसवाडीतील देवळे पाडली गेली. १५४३ मध्ये बार्देश आणि सासष्टी हे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेले, १५६० मध्ये इन्क्विझिशन आले आणि १५६७ पर्यंत सासष्टीतील देवळांचीही तीच गत झाली. एका माणसाच्या आयुष्याच्या मापात हे सारे बसते. ज्याने लहानपणी तिसवाडीतल्या देवळांच्या घंटा ऐकल्या, त्याला म्हातारपणी सासष्टीत एकही घंटा ऐकू आली नसेल.

या काळात देव हलले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, रायची कामाक्षी शिरोड्यास. झुवारीपलीकडचा अंत्रूज महाल तेव्हा पोर्तुगीजांचा नव्हता, तो पुढे १७६३ मध्ये त्यांच्याकडे आला. मडगावचा दामोदर कुशावतीकाठी जांबावलीला गेला. ही नावे आपल्याला इतकी परिचित आहेत की त्यामागचा अर्थ जाणवेनासा झाला आहे. देवाचे गाव बदलणे ही आपल्या धर्मकल्पनेत सामान्य गोष्ट नव्हे. गावचा देव हा त्या मातीचा देव असतो. त्याला उचलून न्यायचे, तर त्याच्याबरोबर आणखी काय काय उचलावे लागते, हा खरा प्रश्न आहे.

या स्थलांतराच्या कथा सांगताना आपण रात्रीची होडी, फडक्यात गुंडाळलेली मूर्ती, काठावरची भीती असे चित्र रंगवतो. ते खरेही असेल. परंतु मला कुतूहल आहे ते दुसऱ्या दिवसाच्या सकाळचे. परक्या गावी पूजा कोणी केली? तेल कोणी आणले? नैवेद्याचा तांदूळ कोणाच्या घरचा होता? मूळच्या देवळाची जमीन तर गेली होती. आज आपण पाहतो ती देवळांची भव्य रूपे पुष्कळ नंतरची आहेत. कवळ्याचे देऊळ छत्रपती शाहूंचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकात उभे राहिले. म्हणजे मधली दीडशेहून अधिक वर्षे देवीपाशी ते वैभव नव्हते. तिच्यापाशी होती ती कुळांनी आपसात वाटून घेतलेली कामे : अमक्या दिवसाची पूजा अमक्याकडे, पालखीचा भोई अमक्या घरचा, दिव्याचे तेल अमक्याने द्यायचे. पाळ्या आधी आल्या आणि देऊळ नंतर आले. त्या माणसांना श्रद्धेने धीर दिला असे आपण म्हणतो. पण आज दिवा लावण्याची पाळी आपली आहे, एवढ्या साध्या गोष्टीने त्यांना अंथरुणातून उठवले असेल, असे मला वाटते.

जे गेले त्यांची ही कथा झाली. जे राहिले त्यांच्याविषयी आपण फारसे बोलत नाही, आणि बोललो तर किंचित उणेपणाने बोलतो. ते अन्यायाचे आहे. जमीन राखण्यासाठी एक भाऊ राहिला आणि देवाबरोबर दुसरा गेला, असे अनेक घराण्यांची परंपरा सांगते. राहिलेल्यांनी धर्म बदलला. त्यांच्या पायाखाली काय उरले?

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. नवख्रिस्ती लोकांनी त्याच्यापाशी तक्रार केली की आमची पुराणे गेली, त्यांच्या जागी वाचायला आम्हांला काही द्या. त्यातून 'ख्रिस्तपुराण' निर्माण झाले आणि १६१६ मध्ये राशोल येथे ते छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठी भाषा, अक्षरे मात्र रोमन. या ग्रंथाचे वाङ्मयीन गुण आपण जाणताच. मला त्या मागणीचे मोल अधिक वाटते. त्या माणसांचा देव बदलला होता, नावे बदलली होती. पण एकत्र बसून ओवी ऐकण्याची सवय बदलायला ती तयार नव्हती.

पुढे १७३६ मध्ये इन्क्विझिशनने एक आदेश काढला. ख्रिस्ती घरी तुळस लावू नये, भात मिठाशिवाय शिजवू नये, लग्नात देशी गाणी म्हणू नयेत, एकादशीचा उपास धरू नये, धोतर नेसू नये, अशी ती लांबलचक यादी आहे. मनाई होते ती घडणाऱ्या गोष्टीची. धर्मांतराला पावणेदोनशे वर्षे होत आली असतानाही एखाद्या बाईने भातात मीठ न घालणे, ही सत्तेला दखल घेण्याजोगी बाब वाटत होती. त्या बाईला धर्मशास्त्र ठाऊक नसेल. आईची रीत तिला ठाऊक होती.

आता मी आपल्याला कुंकळ्ळीला नेतो. १५८३ च्या जुलैत तेथील गावकारांनी पाच जेझुइटांना ठार मारले. नंतर बोलणी करण्याच्या निमित्ताने आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावच्या पुढाऱ्यांची हत्या करण्यात आली. त्या घटनेचा इतिहास दोन्ही बाजूंनी रक्ताचा आहे, आणि तो एका बाजूनेच सांगणाऱ्यांची कमतरता नाही. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली ती गेलीच, तिचे मंदिर आज तेथेच आहे. परंतु दरवर्षी शिमग्यात देवीची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीला तिच्या मूळ स्थानी येते. बरोबर बारा रंगीत छत्र्या असतात. बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या बारा मूळ कुळांच्या, त्या छत्र्या. या कुळांपैकी पुष्कळ घरे आज ख्रिस्ती आहेत, आणि त्या घरची माणसेही या उत्सवात सामील होतात. गुलाल इतका उधळतो की छत्रीखाली कोण आहे हे ओळखू येत नाही. कूळ अमुक एवढे कळते आणि तेवढे पुरते. या छत्रोत्सवाविषयी सहिष्णुतेची भाषणे ऐकली की मला थोडे अवघडल्यासारखे होते. ती माणसे सहिष्णुता म्हणून येत नाहीत. छत्री त्यांच्या कुळाची आहे, म्हणून येतात.

वास्कोच्या दामोदर सप्ताहाची गोष्ट याहून अलीकडची. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी त्या बंदरात साथ आली, माणसे मरू लागली. तेथल्या लोकांनी जांबावलीला जाऊन दामोदराचा प्रसाद म्हणून श्रीफळ आणले, गावात त्याची स्थापना केली आणि अखंड भजन आरंभले. तेव्हापासून श्रावणात हा सप्ताह होतो. जुने श्रीफळ समुद्रात विसर्जित होते, नवे ठेवले जाते. चोवीस तास भजन खंडू द्यायचे नाही, म्हणून पथकांच्या पाळ्या लावतात. संध्याकाळच्या पाळीला गर्दी असते. सप्ताहाची खरी परीक्षा पहाटे तीनच्या पाळीला होते. ऐकायला कोणी नसते, पखवाजवाल्याचे हात जड झालेले असतात, आणि तरी पुढचे पथक येईपर्यंत टाळ खाली ठेवता येत नाही. साथ भजनाने हटली की नाही, हा वाद मी येथे करणार नाही; लस आणि औषध यांचे ऋण मी मानतो. पण भयाने घरोघर एकटी पडलेली माणसे त्या पाळ्यांनी पुन्हा एकमेकांशी बांधली गेली, हे नाकारता येणार नाही. २०२० च्या साथीत तर एकत्र येण्यालाच बंदी झाली. देवळांची दारे भाविकांना बंद होती, आत नित्यपूजा चालू होती. त्या दिवसांत बाहेरूनच हात जोडून परतणाऱ्यांचे चेहरे आपण सर्वांनी पाहिले आहेत.

आणखी एक गाव सांगतो, कुर्डी. साळावली धरणासाठी १९८० च्या दशकात ते पाण्याखाली गेले. सहाशेच्या आसपास कुटुंबे वाडे आणि वालकिणी येथे हलली. या धरणाचे पाणी दक्षिण गोव्यातील घराघरांत येते, तेव्हा आपण त्या गावाचे देणेकरी आहोत. कुर्डीचे प्राचीन महादेव मंदिर पुरातत्त्व खात्याने दगड दगड सुटा करून दुसरीकडे उभारले, आणि ते काम उत्तम झाले. पण दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या गावचे लोक जातात ते तडा गेलेल्या चिखलातून सोमेश्वराच्या देवळाकडे, आणि ख्रिस्ती कुटुंबे आपल्या कपेलाकडे. आपापले सण करतात, घरांची जोती शोधतात, नातवंडांना दाखवतात. मग पाऊस येतो. सोळाव्या शतकात काय झाले असेल हे समजून घ्यायचे असेल, तर मे महिन्यात कुर्डीला जाऊन यावे.

येथवर मी आधाराची बाजू सांगितली. तिची किंमत कोणी दिली तेही याच व्यासपीठावरून सांगितले पाहिजे. ज्या पाळ्यांचा मी गौरव केला, त्या सर्वांनी स्वखुशीने घेतलेल्या नव्हत्या. देवळाच्या दिव्याजवळ, पालखीपुढे, गाण्यात ज्या स्त्रिया उभ्या राहिल्या, त्या भावीण आणि कलावंत घराण्यांतल्या मुली जन्मानेच त्या सेवेला बांधलेल्या होत्या. महाजनकीचा मान एकाकडे आणि सेवेचे ओझे दुसरीकडे, अशी ती वाटणी होती. राजाराम पैंगीणकरांनी 'मी कोण?' या आत्मचरित्रात हे निर्भीडपणे लिहून ठेवले आहे. पुस्तकाचे नावच एका समाजाने दुसऱ्या समाजाला विचारलेला जाब आहे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या स्वरांचा अभिमान आज आपण सारे मिरवतो. ज्या व्यवस्थेतून त्या बाहेर पडल्या, तिचाही हिशेब त्या अभिमानात धरला पाहिजे. समाज आधार देतो तेव्हा आधारासाठी कोणाच्या खांद्यावर हात ठेवलेला आहे, हे पाहत जावे. तो खांदा कधी तक्रार करीत नसेल, तर अधिकच पाहावे.

मग या सगळ्यात ग्रंथालय कोठून आले? माझ्या मते ते पोथीतून आले. घरात कोकणी आणि पोथीत मराठी, ही आपली शतकांची रीत. श्रीधराचे 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत' हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाले आणि श्रावणातल्या वाचनांतून गोमंतकाच्या ओसऱ्यांपर्यंत पोहोचले. एकाने वाचायचे, वाडीने ऐकायचे. सरकारी शाळेत मराठीला थारा नसताना याच ओसरीवर पुष्कळांना अक्षरओळख झाली. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले, आणि पुढच्या दीड-दोन दशकांत मराठी शाळा व वाचनालये ठिकठिकाणी निघाली. आपले ग्रंथालय त्याच लाटेचे. त्याला पहिली पुस्तके देणाऱ्यांना हे काम नवे वाटले नसावे. तेल देणाऱ्या घरांनी ग्रंथ दिले, एवढेच. पुढे सालाझारच्या राजवटीत छापील शब्दावर पहारा बसला, १९६१ मध्ये मुक्ती आली, १९६७ च्या जनमत कौलात आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी एकाच घरातले भाऊ दोन बाजूंना उभे राहिले. त्या काळात एका वाचनालयात दोन्ही पक्षांची वृत्तपत्रे एकाच मेजावर ठेवलेली मी पाहिली आहेत. वाचणारे एकमेकांशी बोलत नसत. पण पान वाचून झाले की समोरच्याकडे सरकवीत.

आजची अस्थिरता निराळी आहे. कोणी देऊळ पाडायला येत नाही. घरे आपणहून बंद होतात. मुले पुण्याला, बंगळूरला जातात. कोणी पोर्तुगालचे पारपत्र काढून युरोप गाठतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, आपले पूर्वजही होड्यांत बसून कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेलेच होते. पण ते गेले तेव्हा कुलदैवताच्या उत्सवाला आपल्या वाट्याचे काय, हे ठाऊक असून गेले. आजच्या मुलाला येथे त्याच्या वाट्याचे काय आहे, हे आपण कधी सांगितले आहे का? उत्सवात त्याला आपण जागा देतो ती प्रेक्षकाची. ग्रंथालयात देतो ती वर्गणीदाराची.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक लहानशी सूचना ठेवली आहे आणि अध्यक्षांनी ती येथे मांडण्याची अनुमती दिली आहे. श्रावणातील सामुदायिक वाचन या वर्षीपासून पुन्हा सुरू करावे, रोज एक तास. पोथीच हवी असे नाही. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या आवडीचा ग्रंथ आणावा, कोकणी आणला तरी चालेल. घराण्यांची, जातींची, धर्माची अट नको. परगावी असलेल्या मुलांनी दूरध्वनीवरून वाचले तरी आपण येथे बसून ऐकू. तीस दिवसांच्या तीस पाळ्या आहेत. पाळ्यांचा तक्ता बाहेर देवाणघेवाणीच्या मेजावर ठेवला आहे. रविवारच्या पाळ्या भरल्या असल्याचे कार्यवाह मला सांगत होते, मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत.